छातीवर उगवलेलं धान

कोणत्या बाईच्या छातीतून धानाचे कोंब निघालेले तुम्ही कधी पाहिले आहेत का?

नाही ना? मग उगाच हसू नका. आपण पाहिलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं समजणारे शहाणे या जिल्ह्यात आधीच फार झालेत. बेलबोडी गावच्या धानाच्या बांधीत, भर रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, बायांच्या ओळीत हे झालं. ज्या बाईचं झालं ती शकुबाई आजही ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळी विकते. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. फक्त आधी मासोळी घ्या, नाहीतर उत्तराच्या जागी शिवी मिळेल आणि ती फुकट असली तरी झोंबते.

शकुबाई ढिवराघरची. नवरा लटारू गावच्या तलावात जाळं टाकतो, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरतो आणि दिवसभर गप्प राहतो. त्या घरात बोलायचं काम एकट्या शकुबाईकडे आहे आणि त्यात तिनं कधी खाडा केलेला नाही. बाजाराच्या दिवशी डोक्यावर मासोळीचं टोपलं, आणि रोवण्याच्या दिवसांत गावातल्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. ओळीतली पहिली जागा तिची. तिचा हात चालला की सगळ्यांचे हात चालतात. तिचं तोंड चाललं की सगळ्यांची तोंडं बंद होतात.

अशा बाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली, मग किमोचे डोस झाले. डोक्यावरचे केस गेले आणि काही महिन्यांनी परत आले, तेही कुरळे. गावात काय सांगितलं? पित्ताचे खडे काढले. मग केस कुठे गेले? नवस होता. पित्तासाठी केसांचा नवस कोणत्या देवाला असतो, हे विचारायची हिंमत बेलबोडीत कोणाची झाली नाही. लटारूला तर काही शिकवायचीही गरज पडली नाही. तो आधीपासूनच गप्प होता.

शकुबाई लाजेनं लपवत होती असं समजू नका. लाज तिच्या टोपल्यात कधी मावलीच नाही. पण गावात एक बाई याच रोगानं गेली होती आणि तिच्या घरचं पाणी लोक कितीतरी दिवस पीत नव्हते. ते शकुबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती लटारूला म्हणाली होती, "मासोळी हातानं धरून द्या लागते. माह्या हातची मासोळी मंग कोण घेईन? आन रोवण्यात एकाच चिखलात साऱ्या बायांचे पाय. मले ओळीत कोण उभी राहू देईन? एक बाजू गेली तं गेली. टोपलं आन ओळ जाऊ देनार नाई मी."

लटारूनं मान हलवली. एवढं पुरे होतं.

ब्रह्मपुरीत बाजाराच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आहे. तिथं या रोगातून गेलेल्या बाया बाजाराच्या दिवशी जमतात. खोली सुरू केली दीपिकानं. ती कॉलेजच्या ऑफिसात कामाला, तिचंही ऑपरेशन झालेलं. तिनं मोठ्या हौसेनं दारावर पाटी रंगवून घेतली: 'स्तन कर्करोग महिला आधार गट'. महिनाभर त्या दारातून फक्त एक बकरी आत आली. बाया रस्त्यापलीकडून पाटी वाचायच्या आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरायच्या. बांगडीवाला खूष होता.

मग आरमोरीकडची भागीरथाबाई आली. वयानं सगळ्यांत मोठी, तोंडात दात मोजकेच, पण जिभेला त्यामुळे मोकळी जागा मिळालेली. ती दीपिकाला म्हणाली, "माय, एवढी मोठी पाटी लावशीन तं आत येणाऱ्या बाईच्या कपाळावरच लिहिल्यासारखं होईन. 'शिवण वर्ग' लिही. शिवणाले जाणाऱ्या बाईले कोणता नवरा अडवते?"

पाटी बदलली आणि बाया आल्या. त्यांच्याबरोबर ब्लाऊजचं कापड घेऊन गिऱ्हाईकंही आली. त्यांना भागीरथाबाई दारातूनच परतवून लावायची, "टेलर बिमार हाये." तो टेलर आजही बिमारच आहे. बाजारातले काही लोक त्याच्या तब्येतीची मनापासून चौकशी करतात.

शकुबाई या शिवण वर्गाला जाऊ लागली. आत काय चालायचं? एकीचा हात सुजला तर दुसरी आपला कसा उतरला ते सांगायची. भिंतीवर हात चढवायचा व्यायाम व्हायचा. रडणंही व्हायचं, पण फार वेळ नाही, कारण रडणारीच्या मधे शकुबाई बोलायची. आणि मऊ सुती कापडाच्या वाट्या शिवायच्या, ब्लाऊजच्या आत ठेवायला. त्यात कापूस भरायचा. म्हणजे पाटी अगदीच खोटी नव्हती.

पण कापसाची वाटी शकुबाईला मानवली नाही.

"हे उभ्या बाईसाठी ठीक हाये," ती वाटी हलवत म्हणाली. "मी वाकली की हे गळ्याशी येते. रोवण्यात मी दिवसभर वाकून राहतो. मासोळीच्या पोटातला फुगा हाये का छाती हाये?"

भागीरथाबाई हसली. "म्हणून म्हणतो, दोनी काढल्या तेच बरं. मले तोल सांभाळायचं टेन्शनच नाई."

दीपिकानं सांगितलं, "वजन पाहिजे तं मोहरी भरा, शकुबाई. पण आत जाड अस्तर लावा. भिजली की काढून वाळवा लागते, ओली ठेवायची नाई. आन अजून एक. काढलेल्या जागी कधी कधी खाज सुटल्यासारखं, गुदगुल्या झाल्यासारखं वाटते. जागा गेली तरी आठवण राहते. घाबरायचं नाई."

यातलं शकुबाईनं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं. पहिलं तिला पटलंच नव्हतं. ज्या घरात धान आहे त्या घरच्या बाईनं छातीत भरायला बाजारातून मोहरी आणायची? हा कोणता न्याय? घरी आली. कोपऱ्यात पेरणीतून उरलेलं बिजाईचं धान होतं. निवडलेलं, पाखडलेलं, दाणा अन् दाणा भरलेला. तिनं वाटीत भरलं, शिवलं आणि तळहातावर तोललं. मासोळी तोलणारा हात तो. डावी उजवीच्या बरोबर झाली. शकुबाई आरशासमोर वाकली, उठली, पुन्हा वाकली. वाटी जागची हलली नाही.

"अवो, पाह्यता का?" तिनं लटारूला विचारलं.

लटारूनं पाहिलं, खर्रा या गालातून त्या गालात केला आणि हसला. त्याच्या हिशोबानं हे भाषण झालं.

आता शेतीवाल्यांनो, तुमच्या लक्षात आलं असेलच. धानाला मोड कसे आणतात? बिजाई भिजवायची, कापडात बांधायची, उबेला ठेवायची. शकुबाईनं हे जन्मभर केलं होतं. पण माणूस शेतात शहाणा असतो आणि स्वतःच्या अंगावर येडा, त्याला कोण काय करणार?

रोवणा लागला. पावसाची झड लागली. दिवसभर अंगावर पाणी, खाली चिखल. रात्री वाटी दोरीवर वाळत घालावी तर साऱ्या गावानं विचारावं, हे काय? म्हणून ती ओलीच चुलीजवळच्या उबेला, गोधडीखाली जायची आणि सकाळी पुन्हा ब्लाऊजमध्ये. भिजवणं झालं, कापड झालं, ऊब झाली. धानाला आणखी काय पाहिजे?

गुदगुल्या सुरू झाल्या.

शकुबाईनं ओळखलं. हीच ती आठवण, दीपिका सांगत होती ती. ती घाबरली नाही. उलट तिला अभिमान वाटला की आपल्याला शिकवलेलं अगदी बरोबर होऊन राह्यलं. मग टोचू लागलं. शकुबाई मनात म्हणाली, आठवण जरा जास्तच येऊन राह्यली. पण तिनं परे, म्हणजे धानाची रोपं, लावायचं थांबवलं नाही.

ओळीत तिच्या शेजारी कमळा होती. कमळा म्हणजे घराशेजारची, कुंपणापलीकडची. दोघींचं भांडण बेलबोडीत घड्याळासारखं होतं, लोक त्यावर वेळ ओळखायचे. कारण मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. झाड कमळाच्या अंगणात, फांदी शकुबाईच्या अंगणात. शेंग कोणाची? या प्रश्नावर दोघींनी एकमेकींच्या माहेरापर्यंतचा उद्धार केला होता.

त्या दुपारी शकुबाई वाकली. फुगलेल्या धानानं वाटीची शिवण उसवली आणि मूठभर कोंब आलेलं धान ब्लाऊजच्या गळ्यातून निसटून थेट कमळाच्या पायाशी पडलं. पांढरी मुळं, हिरवट टोकं, अगदी पेरायला तयार.

कमळानं पाहिलं. मग शकुबाईकडे पाहिलं. शकुबाईची डावी बाजू सपाट झाली होती आणि उजवी होती तशीच होती.

"बिजाई हाये," शकुबाई घाईनं म्हणाली. "ओटीत होती."

ओटी कमरेला असते. धान वरून पडलं होतं. कमळाला हे कळायला शाळा लागत नव्हती. शकुबाईच्या डोळ्यांसमोर आपलं टोपलं आलं, भरलेलं आणि कोणी हात न लावलेलं. ओळीतली पहिली जागा आली, रिकामी. आता ही बोंबलते, आता सारं गेलं.

कमळानं पाय उचलला, ते कोंब चिखलात दाबून टाकले आणि मागच्या बायांवर ओरडली, "काय पाहून राह्यल्या वो? हात चालवा ना! शकूले चक्कर आली, पदर टाका तिच्या अंगावर."

एवढंच. त्यानंतर कमळा बोललीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कुंपणापलीकडून भांडण नाही, टोमणा नाही. शकुबाईनं मुद्दाम तिच्या देखत मुंगन्याच्या शेंगा तोडल्या तरी नाही. आणि वर कहर म्हणजे, कमळानं शेंगांची एक जुडी बांधून कुंपणावर ठेवली. शकुबाईसाठी.

शकुबाई ती जुडी घेऊन घरात आली. ती लटारूला म्हणाली, "तिनं शेंगा देल्या. आता माह्यं काई खरं नाई."

लटारूनं खर्रा थुंकला. तोंड मोकळं केलं म्हणजे गोष्ट गंभीर होती. "जाऊन विचार," तो म्हणाला.

शकुबाई कंबर कसून कुंपण ओलांडून गेली. मधल्या दिवसांत तिनं वाटीत मुकाट्यानं मोहरी भरली होती, जाड अस्तरासकट. "काऊन वो कमळे, बोलत काऊन नाई? सांगायचं असन तं सांग साऱ्या गावाले. असं मुकं मारू नको मले."

कमळानं इकडे तिकडे पाहिलं, तिला धानाच्या तणसाच्या ढिगामागं ओढलं, तिचा हात धरला आणि आपल्या उजव्या छातीला, काखेच्या खाली लावला.

"तुह्या हाताले कळते ना," ती म्हणाली. "सांग."

गाठ होती, बोराच्या आठोळीसारखी. हलत नव्हती. दुखत नव्हती. शकुबाईचा हात तिथंच थांबला. जन्मात पहिल्यांदा तिनं आवाज खाली आणला.

"कवापासून?"

"होळीपासून. तुह्यं पित्त काई पित्त नव्हतं, हे मले तुह्ये केस गेले तवाच वाटलं होतं. पण इचारू कशी? आपलं तं बोलणंच नाई, भांडण हाये."

"तुह्या घरच्याले, मुखरूभाऊले माहीत हाये?"

"कोण्या बाबाची मुळी आणली त्यानं. घासून लावून राह्यला. म्हणते, रोवणा झाला की पाहू."

"मंग म्हणीन कापणी झाली की पाहू."

"हो. मंग म्हणीन दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की पाहू."

तेवढ्यात मुखरूच अंगणात आला. कमळाचा हा नवरा वाईट माणूस नाही. पण मोबाईलवर सगळं पाहतो आणि सगळं खरं मानतो. शकुबाई आपल्या अंगणात पाहून तो सवयीनं म्हणाला, "शेंगाची फांदी तोडत नसतो मी, आधीच सांगतो."

"फांदी घाल तुह्या चुलीत!" शकुबाईचा आवाज चढला. "बाईले दवाखान्यात काऊन नेलं नाई?"

शकुबाईचा आवाज चढला की बेलबोडीत करमणूक सुरू झाली असं धरतात. बघता बघता कुंपणाशी माणसं लागली. रोवण्याच्या टोळीतल्या बाया होत्या, बाजारात शकुबाईची मासोळी घेणारी घरं होती. एकजणी तर मूल कडेवर आणि भाकर हातात घेऊन आली होती.

मुखरू लोकांकडे पाहून जोरात म्हणाला, "चाकू लागला की तो रोग फैलते. मोबाईलवर दाखवते. ऑपरेशन केलेली बाई जगत नाई! जगली का एक तरी? दाखव मले! एक दाखव!"

कमळा शकुबाईकडे पाहत नव्हती. ती खाली, आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत होती. ज्या पायानं तिनं ते कोंब चिखलात दाबले होते, त्याच. शकुबाईला कळलं की ही आपलं नाव घेणार नाही. मेली तरी घेणार नाही. धान चिखलात होतं आणि तिनं नुसतं 'मी जातो' म्हणून पाठ फिरवली असती तर टोपलंही राहिलं असतं, ओळही राहिली असती.

शकुबाईनं पदराआड हात घातला, वाटी काढली आणि मुखरूच्या तळहातावर आपटली.

"तोल."

मुखरूनं तोलली. "काय हाये हे? बाबाची दवा हाये का? गरम लागून राह्यली."

"माह्यी डावी बाजू हाये."

मुखरूची जी गत झाली ती पाहायला तुम्ही पाहिजे होतात. टाकावी तर परक्या बाईची वस्तू, धरावी तर परक्या बाईची वस्तू! तो दोन्ही हातांवर वाटी घेऊन पूजेला उभा राहिल्यासारखा उभा राहिला.

"तेच ऑपरेशन माह्यं झालं," शकुबाई म्हणाली, मुखरूला नाही, कुंपणाला. "पित्त नव्हतं. नवस नव्हता. कॅन्सर होता. आन मुखरूभाऊ, जगली का एक तरी, म्हणून इचारतोस? सालभर ह्या कुंपणावरून रोज तुह्या सात पिढ्या काढल्या, ते कोण काढत होतं? माह्यं भूत?"

कोणीतरी आधी फिसकन हसलं. मग सगळे हसले. मुखरू हसला नाही. त्यानं वाटी पुन्हा एकदा हातावर तोलली. मग हळू आवाजात म्हणाला, "शकुबाई, हे घे बाप्पा. आन नागपूरची गाडी किती वाजता असते?"

आता तुम्हाला वाटेल, झालं, गाव सुधारलं. गावं अशी एका वाटीनं सुधारत नसतात. दुसऱ्या दिवशी बांधीत दोघी-तिघी बाया ओळीत लांब जाऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलंच, "चिखलातून लागते का वो हे?"

"लागत असतं," शकुबाई परे लावत म्हणाली, "तं तुह्या आंगातला आळस मले कवाच लागला असता. ये, जवळ ये. रांग तिरपी होऊन राह्यली."

बाजारात नेहमीची काही गिऱ्हाईकं टोपल्याला वळसा घालून गेली. शकुबाईनं ती एकेक ओळखून ठेवली आहेत, त्यांना येत्या जन्मी मरळ मिळणार नाही. पण लांबलांबच्या बाया मात्र येऊ लागल्या. मासोळी पाहायच्या आणि नजर हळूच तिच्या छातीवर. खरी कोणती, खोटी कोणती, यावर मागं पैजा लागायच्या. एखादी धीर करून वाकायची, "बाई, एक इचारायचं होतं…"

"आधी मासोळी घे. मंग इचार."

मासोळी घेऊन ती विचारायची. पुष्कळदा प्रश्न तिच्या स्वतःच्या गाठीबद्दल असायचा. शकुबाई टोपलं लटारूच्या स्वाधीन करायची आणि बाईला हाताला धरून गिरणीमागच्या खोलीत न्यायची. गिऱ्हाईकाशी न बोलता मासोळी विकायची नवी पद्धत लटारूनं त्यामुळेच काढली.

कमळाचं ऑपरेशन नागपूरलाच झालं. शकुबाई बरोबर गेली. जाताना एसटीत दोघी मुंगन्यावरून एवढ्या भांडल्या की कंडक्टरनं त्यांना वेगवेगळं बसवलं. डोस झाले, केस गेले, केस आले. कमळाला कुरळे आले नाहीत, त्याचा राग तिनं शकुबाईवर काढला. आता ती खोलीत येते आणि वाट्या शिवते. तिचा टाका शकुबाईपेक्षा बारीक आहे, हे शकुबाई सोडून सगळे मान्य करतात.

गेल्या दिवाळीनंतर शकुबाईनं खोलीत बंड केलं. "पाटी बदला. खरं नाव लिहा. मी साऱ्या गावासमोर काढून दाखवली, आता कायले लपायचं?"

दीपिकालाही पटलं. रंगवाल्याला बोलवायचं ठरत होतं, तेवढ्यात भागीरथाबाई म्हणाली, "तू बोलकी झाली शकू. तुले आता कोणतंही दार चालते. पण जे अजून मुकी हाये, तिले कोण्या दारातून आणशीन?"

शकुबाईनं तोंड उघडलं. तिनं कमळाकडे पाहिलं. कमळानं सुईत दोरा ओवत मान खाली घातली होती. शकुबाईनं तोंड मिटलं. बेलबोडीत हे सांगून कोणाला खरं वाटत नाही.

म्हणून पाटी अजून तीच आहे: 'शिवण वर्ग'. टेलर अजून बिमार आहे. आणि बाजाराच्या दिवशी तुमच्यासारखे भले लोक अजून ब्लाऊजचं कापड घेऊन येतात आणि भागीरथाबाईशी हुज्जत घालतात.

तेव्हा एक करा. तुमच्या घरात आई असेल, बायको असेल, बहीण असेल, वहिनी असेल. तिला आज विचारा, कुठं गाठ लागते का? ती 'काई नाई' म्हणाली तर जरा थांबून पुन्हा विचारा. रोवणा, कापणी, मंडई काही मधे आणू नका. आणि ब्रह्मपुरीला आलात, गिरणीमागं ती पाटी दिसली, तर कापड आणू नका. बाई आणा.